चौसष्ट घरांचा लाकडी पट: पहिल्यांदा बनवणाऱ्यांसाठी

बुद्धिबळाचा पट पहिल्यांदा करायला घेतलेला माणूस बहुधा बत्तीस फिकट आणि बत्तीस गडद चौकोन कापतो आणि फरशी बसवावी तसे ते एकाला एक चिकटवायला बसतो. मीही तेच केलं होतं. तिसऱ्या ओळीपर्यंत सगळं झकास दिसतं. पाचव्या ओळीला फटी पडायला लागतात आणि आठव्या ओळीत शेवटचा चौकोन काही केल्या बसत नाही. एका तुकड्यात पाव मिलिमीटरची चूक असेल तर आठ तुकड्यांत ती दोन मिलिमीटर होते, आणि पटावरचे दोन मिलिमीटर लपत नाहीत.

म्हणून सुटे चौकोन कापायचेच नाहीत. चार फिकट आणि चार गडद अशा आठ लांब पट्ट्या आलटून पालटून चिकटवायच्या. त्या पट्टेदार फळीचे आडवे आठ काप करायचे. प्रत्येक कापात आठ घरं आयती मिळतात. मग एकाआड एक काप टोकाकडून टोकाकडे फिरवायचा, म्हणजे फिकटाशेजारी गडद येतं, आणि सगळं पुन्हा चिकटवायचं. दोनदा कापणं, दोनदा चिकटवणं, एवढंच काम.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर चालतं. घर बरोबर ५० मिलिमीटरचं असण्यापेक्षा सगळी घरं एकाच मापाची असणं महत्त्वाचं. यंत्रावर ५० लावलं आणि पट्टी ४९.६ निघाली, तर खुशाल ४९.६ ठेवा, फक्त आठही पट्ट्या ४९.६ च्याच निघू द्या. खेळणाऱ्याला माप दिसत नाही. त्याला दिसतात ते चार घरांचे कोपरे, एका बिंदूत मिळालेले किंवा न मिळालेले.

लाकूड

पट करायला घेतलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यासमोर आधी पांढरंशुभ्र आणि काळंकुट्ट लाकूड येतं. मोह आवरा. काळ्या घरासाठी एबनी किंवा वेंगेसारखं फार गडद लाकूड घेतलं, तर काळे मोहरे त्याच्यावर हरवून जातात. दिव्याखाली काळा उंट काळ्या घरात शोधत बसावं लागतं. मध्यम तपकिरी लाकूड सर्वात चांगलं: अक्रोड, शिसव किंवा गडद साग. फिकट घरांसाठी मेपल उत्तम. ते घट्ट असतं आणि त्याची रेषा, म्हणजे तंतूंची ओढ, शांत असते. बीच, ॲश किंवा हेदूही चालतं, पण ॲशची रेषा ठळक असते आणि पट्टेदार रेषेवर मोहऱ्यांच्या आकृत्या थोड्या गोंधळतात.

दोन्ही लाकडांचा कठीणपणा फार वेगळा नसावा. एक मऊ आणि एक कठीण असेल तर घासताना मऊ लाकूड लवकर झिजतं आणि पटावर हाताला लागतील अशा लाटा येतात. मेपल आणि अक्रोड या लोकप्रिय जोडीतही फरक आहे: यांका मापावर कठीण मेपल साधारण १४५० आणि काळा अक्रोड साधारण १०१०. तरी हा फरक सांभाळता येतो. देवदार आणि शिसव अशी जोडी लावलीत तर मात्र घासण्याच्या टप्प्यावर पश्चात्ताप होईल.

रंग कायम राहत नाही, हेही आधीच मान्य करा. अक्रोड उजेडात वर्षानुवर्षं थोडा फिका पडतो, मेपल पिवळसर होतो, चेरी गडद होत जातं. लालभडक पडौक घेणाऱ्यांना मी नेहमी थांबवतो. एक तर तो लाल काही वर्षांत तपकिरी होतो. दुसरं म्हणजे घासताना त्याची लाल भुकटी शेजारच्या फिकट लाकडाच्या छिद्रांत जाऊन बसते आणि मेपल गुलाबी दिसायला लागतो.

शिसव घेणार असाल तर एक कायदेशीर बाब. शिसवाच्या कुळातली, म्हणजे डालबर्जियाची, जवळपास सगळी झाडं २०१७ पासून साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहेत. घरी पट करून घरी खेळणाऱ्याला याने काही फरक पडत नाही, पण तो पट परदेशात विकायचा किंवा पाठवायचा असेल तर नियम आधी पाहून घ्या.

फळी घेताना गाठी, भेगा आणि सालीजवळचा फिकट भाग टाळा. गडद पट्टीत असा फिकट भाग आला की ते घर अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं दिसतं. लाकूड वाळलेलं हवं: ओलावा मोजण्याच्या मीटरवर ८ ते १२ टक्के, आणि दोन्ही लाकडांचा आकडा शक्य तितका जवळचा. विकत आणलेलं लाकूड लगेच कापू नका. जिथे काम करणार त्याच खोलीत, खाली-वर हवा खेळेल असं दोन आठवडे ठेवा.

माप

मोहरे आधी घ्या, पट नंतर. उलटं करणारे पुष्कळ आहेत आणि मग त्यांचा राजा घरात मावत नाही. फिडेच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या, मानकात घराची बाजू ५ ते ६ सेंटिमीटर आणि राजाची उंची सुमारे ९.५ सेंटिमीटर धरली आहे. तुमचे मोहरे लहान असतील तर सोपा आडाखा असा: राजाच्या तळाचा व्यास घराच्या साधारण तीन चतुर्थांश असावा. तळ ३८ मिलिमीटर असेल तर घर ५० चं.

५० च्या घरासाठी हिशेब करू. पट ४०० बाय ४००. टेबल सॉचं, म्हणजे मेजात बसवलेल्या गोल करवतीचं, जाड पातं एका कापाला सुमारे ३ मिलिमीटर लाकूड खातं, म्हणजे आठ कापांचे २४. टोक काटकोनात आणायला आणखी थोडं. म्हणून पट्ट्यांची लांबी ४०० नाही, ५०० धरा. जाडी २० मिलिमीटर ठेवा, घासून झाल्यावर १८ उरेल. प्रत्येक रंगाच्या चार पट्ट्या हव्यात, पण पाच काढा. एखादी पट्टी कापल्याबरोबर धनुष्यासारखी वाकते, तेव्हा पाचवी उपयोगी पडते.

पट्ट्या कापणं

फळीचा एक चेहरा आणि त्याला लागून असलेली एक कड रंधा मारून सपाट आणि काटकोनात आणा. हे जमत नसेल तर सुताराकडून दोन्ही लाकडं एकाच जाडीत रंधून घ्या, त्यात कमीपणा काही नाही. यंत्राचा रंधा असेल तर दोन्ही रंगांच्या फळ्या एकाच सेटिंगवर एकामागून एक काढा.

आता टेबल सॉचा फेन्स, म्हणजे पात्याला समांतर असलेली टेकण्याची पट्टी, ५० वर लावा, एक नमुना पट्टी कापून पाहा आणि त्यानंतर शेवटची पट्टी निघेपर्यंत फेन्सला हात लावू नका. आधी गडद पट्ट्या काढल्या, चहा घेतला, फेन्स हलवून दुसरंच काहीतरी कापलं आणि मग फिकट पट्ट्यांसाठी फेन्स परत ५० वर आणला, तर तो ५० पहिल्या ५० इतका नसतो. दहा पट्ट्या एका बैठकीत संपवा. नंतर एखादी पट्टी खरखरीत वाटली म्हणून तिच्या कडेला पॉलिश पेपर मारायला जाऊ नका. तेवढ्यानेही माप बिघडतं. कड खरखरीत येत असेल तर पातं बदला.

अरुंद पट्ट्या कापताना बोटं पात्याजवळ जातात, म्हणून ढकलायला पुशस्टिक वापरा आणि पात्याचं संरक्षक झाकण काढू नका. डोळ्यांवर चष्मा आणि नाकातोंडावर चांगला मास्क हवाच. लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. त्यातून शिसव आणि अक्रोडाच्या धुळीने पुष्कळांना शिंका येतात, अंगाला खाज सुटते.

टेबल सॉ नाही? पट्ट्या एखाद्या कारखान्यातून काढून घेता येतात. आडवे काप हातकरवतीने करून त्यांच्या कडा रंध्याने एकसारख्या करता येतात. वेळ तिप्पट लागतो, पण असे पट मी पाहिले आहेत आणि ते देखणे होते.

पहिलं चिकटवणं

पट्ट्या कोरड्याच शेजारी शेजारी मांडा. रेषा कशा जुळतात ते पाहा, हव्या तशा उलटसुलट करा, आणि समाधान झालं की वरून पेन्सिलने एक मोठा त्रिकोण काढा. गोंद लागल्यावर घाईत कोणती पट्टी कुठली, हे तो त्रिकोणच सांगतो.

लाकडासाठीचा पीव्हीए गोंद पुरे. साग आणि शिसव तेलकट असतात, त्यामुळे त्यांच्या कडा चिकटवण्याच्या अगदी आधी ॲसिटोनच्या फडक्याने पुसून घ्या. कडेवर पातळ, सलग थर द्या आणि पट्ट्या क्लॅम्पमध्ये आवळा. एक क्लॅम्प खालून, पुढचा वरून, असे लावा. सगळे एकाच बाजूने लावले तर फळी मध्ये फुगून कमान होते. वर-खाली दोन आडव्या जाड पट्ट्या बांधल्या की फळी सपाट राहते. त्यांना आधी पॅकिंग टेप गुंडाळा, नाहीतर त्याही पटाचा भाग होतील.

सांध्यातून गोंदाचे थेंब बाहेर आले पाहिजेत. ते ओल्या फडक्याने पुसू नका. पातळ झालेला गोंद लाकडाच्या छिद्रांत शिरतो आणि पॉलिश केल्यावर तिथे फिके डाग उमटतात. अर्ध्या-पाऊण तासाने गोंद रबरासारखा झाला की पटाशीने सोलून काढा. क्लॅम्प तासाभराने सुटतील, पण पुढचं कापणं दुसऱ्या दिवशी.

आडवे काप

सगळ्या कामात मी सर्वात जास्त वेळ इथे घालवतो. पट्टेदार फळी पात्याला काटेकोर काटकोनात न्यायची असते. त्यासाठी टेबल सॉवर सरकणारी स्लेड लागते, म्हणजे मागे कुंपण असलेली लाकडी गाडी. गुण्या लावून स्लेड तपासली तरी तेवढ्यावर विसंबू नका. गुण्याला न दिसणारी चूक पाच कापांच्या युक्तीने पकडता येते. प्लायचा एक चौकोनी तुकडा घ्या. एक कड कापा, ती ताजी कड कुंपणाला लावून पुढची कापा, असं चारही कडा फिरून झाल्यावर पहिलीच कड पुन्हा कापून सेंटिमीटरभर रुंदीची पट्टी काढा. त्या पट्टीच्या दोन टोकांची रुंदी कॅलिपरने मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे तुमच्या कोनाच्या चुकीची चौपट. पट्टी दोन्ही टोकांना सारखी असेल तर निर्धास्त व्हा.

कोन चुकला तर घरं समांतरभुज होतात आणि अख्खा पट एका बाजूला कलतो. हे नंतर दुरुस्त होत नाही.

आधी फळीचं एक टोक सरळ कापून टाका. मग स्लेडच्या कुंपणावर ५० वर एक ठोकळा पक्का आवळा आणि प्रत्येक वेळी फळी त्याला टेकवून काप घ्या. प्रत्येक काप घेण्यापूर्वी ठोकळ्याजवळचा भुसा झटका. भुशाचा एक कण म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याची चूक, आणि ती फक्त त्याच एका ओळीत येते. स्लेड नसेल आणि साधा मायटर गेज, म्हणजे फळी ठरावीक कोनात ढकलायची सरकती पट्टी, असेल, तर फेन्सला टेकवून आडवे काप कधीही घेऊ नका. कापलेला तुकडा पातं आणि फेन्स यांच्यात अडकतो आणि उसळून अंगावर येतो.

काप निघतील तसे त्यांना १ ते ८ आकडे द्या. आता २, ४, ६ आणि ८ क्रमांकाचे काप टेबलावरच टोकाकडून टोकाकडे फिरवा, पालथे करू नका. चौसष्ट घरं पहिल्यांदा समोर येतात ती इथे. फोटो काढण्याचा मोह होतो, काढाही, पण अजून काहीच चिकटलेलं नाही.

दुसरं चिकटवणं

ही पायरी पहिल्यापेक्षा अवघड आहे. पहिल्या वेळी तुम्ही रेषेच्या बाजूने कडा जोडल्या होत्या. आता आडवी कापलेली टोकं एकमेकांना जुळणार आहेत, आणि लाकडाची टोकं स्पंजासारखी गोंद पितात. म्हणून आधी पातळ हात मारा, तीन-चार मिनिटं मुरू द्या आणि मग नेहमीचा थर द्या.

आठ काप एकदम आवळण्याचं धाडस पहिल्या पटाला करू नका. गोंद पाच-दहा मिनिटांत पकडायला लागतो आणि तेवढ्यात सात सांध्यांवरचे एकोणपन्नास कोपरे जुळवायचे असतात. दोन-दोन काप जोडा, म्हणजे चार जोड्या होतील. मग चारांचे दोन गट आणि शेवटी पूर्ण पट. मधल्या सांध्यावर बोट फिरवत कोपरा मिळवा, क्लॅम्प हलका आवळा, रबरी हातोडीने ठोकून सरळ करा आणि मग पक्का आवळा. डोळ्यापेक्षा नखाला जास्त कळतं.

शेवटच्या जोडणीत दोन्ही कर्ण मोजा. ४०० च्या पटाचा कर्ण ५६५ ते ५६६ मिलिमीटर भरतो. तुमचं माप थोडं वेगळं असलं तरी दोन्ही कर्ण सारखे आले पाहिजेत. नसतील तर लांब कर्णाच्या दिशेने एक क्लॅम्प तिरका लावून ओढून घ्या.

आणि एक बारीक गोष्ट, जी मला चौथ्या पटाला कळली. खेळताना उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर हवं. पट फिरवून ते कधीही आणता येतं. पण तसा ठेवल्यावर लाकडाची रेषा खेळाडूच्या दिशेने धावते की आडवी जाते, हे कोणता चेहरा वर ठेवलात त्यावर ठरतं. पट पालथा केला की रेषेची दिशा बदलते. म्हणून घासायला घेण्यापूर्वी दोन्ही चेहरे वर ठेवून पाहा, आणि जो आवडेल त्यावर खूण करा.

घासणं

रंधा इथे दगा देतो. एकाआड एक काप फिरवल्यामुळे शेजारच्या दोन घरांची रेषा उलटसुलट झालेली असते. एका घरात रंधा लोण्यासारखा जातो आणि पुढच्या घरात खपल्या उचकटतो. म्हणून घासूनच सपाट करा. ८० नंबरचा पेपर, मग १२०, १८०, २२०. दर वेळी आधी पूर्ण पटावर पेन्सिलच्या नागमोडी रेघा ओढा आणि त्या सगळ्या पुसल्या जाईपर्यंत नंबर बदलू नका. ८० चे ओरखडे २२० ने जात नाहीत. ते पॉलिशखालून वर येतात आणि मग सगळं परत करावं लागतं. मधूनमधून धूळ व्हॅक्यूमने ओढून घ्या, फडक्याने चोळू नका, नाहीतर गडद भुकटी फिकट घरांत भरली जाईल.

चौकट, किंवा ती नसणं

माझं मत विचाराल तर पहिल्या पटाला चौकट लावू नका. कडा थोड्या गोल करा आणि सोडून द्या.

कारण लाकूड हलतं. रेषेच्या लांबीत ते जवळपास बदलत नाही, पण रुंदीत फुगतं आणि आकसतं. तुमच्या पटाच्या सगळ्या घरांची रेषा एकाच दिशेला आहे, त्यामुळे अख्खा पट एकाच दिशेत हलतो. अक्रोड आणि मेपलचा ४०० मिलिमीटरचा पट लाकडातला ओलावा चार टक्क्यांनी बदलला की साधारण ३ ते ५ मिलिमीटर हलतो. फळीच्या टोकाला वाढीची वर्तुळं उभी दिसत असतील तर ३ च्या आसपास, आडवी पसरलेली असतील तर ५ च्या. माझ्या पहिल्या पटाला मी चारही बाजूंनी चौकट गोंदाने घट्ट चिकटवली होती, ४५ अंशांचे सुबक सांधे केले होते. दमट दिवस आले आणि एका रात्री टक्कन आवाज झाला. सकाळी पाहिलं तर दोन कोपरे उघडे पडले होते.

लावायचीच असेल तर चौकटीच्या आतल्या बाजूला खाच पाडा आणि पटाच्या कडेला तिच्यात सरकेल अशी जीभ काढा. रेषेच्या दोन टोकांच्या बाजू, जिथे पट हलत नाही, तिथे फक्त मधोमध गोंदाचा एक थेंब. रेषेला समांतर असलेल्या दोन बाजूंना गोंद अजिबात नाही, उलट खाचेत दोन-तीन मिलिमीटर मोकळी जागा. ४५ अंशांचे कोपरे मात्र एकमेकांना घट्ट चिकटवा.

पॉलिश

जवसाचं तेल लावलं की अक्रोड खुलून येतो, पण मेपलही पिवळा पडतो, आणि ज्या फरकासाठी एवढी खटपट केली तोच कमी होतो. फिकट लाकूड फिकट ठेवायचं असेल तर मेण काढलेल्या लाखेचा एक पातळ हात द्या. त्याने गडद लाकडाचा रंग जागच्या जागी बंद होतो. त्यावर पाण्यात मिसळणाऱ्या पॉलियुरेथेनचे तीन हात द्या आणि प्रत्येक हात वाळल्यावर ३२० च्या पेपरने हलकं घासा. चकचकीत फिनिश घेऊ नका. दिवा पटावर आरशासारखा दिसतो आणि खेळणारा मान वाकडी करत बसतो. सॅटिन किंवा मॅट घ्या.

जितके हात वर, तितकेच खाली. तळ कोरडा सोडला तर एका बाजूने ओलावा जास्त आत-बाहेर होतो आणि पट बशीसारखा वाकतो. आणि तेलच लावणार असाल तर तेलाची फडकी चुरगळून टाकू नका. जवसाच्या तेलाची फडकी वाळताना तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. ती उघड्यावर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

तळाच्या चार कोपऱ्यांना फेल्टची किंवा रबराची लहान बटणं चिकटवा, म्हणजे खालूनही हवा खेळते. मोहरे लगेच मांडू नका. पॉलियुरेथेन हाताला कोरडं लागलं तरी पुरतं कठीण व्हायला आणखी काही दिवस घेतं. त्याआधी रात्रभर ठेवलेल्या मोहऱ्यांच्या तळाचे गोल ठसे घरांवर उमटून राहतात.